कडुनिंबाच्या पाल्यातला बॅकअप

घरात भांडण झालं तर ते कधीतरी मिटतं, पण घरात एखादं यंत्र आलं की त्याचे किस्से मिटत नाहीत, साठत जातात. पाहुणा आला, चहा झाला, की कुणीतरी म्हणतंच, "तो डब्याचा किस्सा सांग रे!" आमच्याकडे आता डबा कमी चालतो आणि किस्से जास्त चालतात.

डबा म्हणजे काय ते आधी सांगतो. महाडला आमच्या घरी हॉलमधल्या कपाटात एक छोटा कॉम्प्युटर आहे. घरची लग्नं, बारशी, गणपतीतले नाच, फोटो, जुने पिक्चर, सगळं त्यात भरलेलं. आमचा टीव्ही त्यालाच जोडलेला, नानांचा टॅब त्यालाच, मुंबईत चुलतभाऊ विलासचा मोबाइल त्यालाच. आणि पोलादपूरला विलासची आई, म्हणजे माझी सुमाकाकू राहते, तिचा टीव्हीसुद्धा इंटरनेटवरून त्यालाच.

नाना माझे वडील. एमआयडीसीत एका केमिकल प्लांटमध्ये शिफ्ट इन-चार्ज होते. नोकरीतून रिटायर झाले, पण शिफ्ट काही सुटली नाही. माई म्हणजे आई. आणि मी? एकदा अडलेला वायफाय बंद करून परत चालू केला, तेव्हापासून घरचा इंजिनिअर.

सुमाकाकूला त्या डब्यातलं एकच लागतं. भाऊकाका जाखडी नाचात गायचे. ते गेले त्याच्या आधीच्या गणपतीत विलासने मोबाइलवर एक व्हिडिओ काढला होता. घरात मंडळ आलंय, पोरं पायात चाळ बांधून गोल फिरतायत आणि मध्ये बसून भाऊकाका गातायत. चालते-बोलते काका तेवढ्या एकाच व्हिडिओत आहेत. काकू रोज संध्याकाळी भाकऱ्या थापताना तो लावते.

पण तिच्या जुन्या टीव्हीवर तो शेवटी अडकायचा. नाच संपतो, काका उठतात, खांद्यावर उपरणं टाकतात, दाराशी वळून काहीतरी बोलायला तोंड उघडतात आणि चित्र जागच्या जागी थांबतं! काकू थोडा वेळ तशीच बघत राहायची, मग टीव्ही बंद करायची. आमच्याकडे नाच संपला की पुढे कुणी बघायचंच नाही, म्हणून विलासला विचारलं, पुढे काय आहे? तो म्हणाला, "काय स्पेशल नाय रे, मंडळ निघतं."

हे अडकणं घालवायचं तर डब्यातलं सॉफ्टवेअर नवं करायला हवं होतं. काकूला सांगितलं, तर ती म्हणाली, "अडकू दे. माझं काय अडलं नाय. पण तुमच्या खटपटीत तो एक गेला, तर तुझे काका कुठून आणू मी?"

पण घरचा इंजिनिअर म्हटल्यावर गप्प बसणं आलं नाही.

*

सुरुवात विलासने केली. त्याचं तत्त्वज्ञान सरळ आहे: मोबाइलवर नोटिफिकेशन आलं की दाबायचं. वाचायचं नाही, दाबायचं! तसं त्याने दाबलं आणि त्याच्या मोबाइलमधलं डब्याचं ॲप नवं झालं. डबा जुनाच. नव्या ॲपने जुन्या डब्याला ओळख दाखवायचं सोडलं. विलासला काही दिसेना.

आता माणसाने गप्प बसावं की नाही? त्याने घरच्या ग्रुपवर फर्मान काढलं, "सगळ्यांनी ताबडतोब अपडेट मारा!"

नानांना आयुष्यभर वरून आलेली ऑर्डर पाळायची सवय. त्यांनी तत्काळ टॅबवर मारलं. त्यांनाही दिसेना. मग दोघांनी मिळून मला फोन केला की तुझा डबा बिघडलाय!

वाचली फक्त काकू. कारण ती मोबाइल दिवसभर बंद ठेवते. "उगाच चालू ठेवून झिजवायचा कशाला?"

*

मी सलीमभाईकडे गेलो. बाजारात त्यांचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. बरीच वर्षं गल्फमध्ये हेच काम करून आलेत, त्यामुळे घाई हा प्रकार त्यांच्यात राहिलेला नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पहिला बॅकअप. मग डबा. मग एकेक टीव्ही, आरामात. आणि तुझ्या भावाचा मोबाइल एकदम शेवटी. त्याला जरा तरसू दे!"

मी म्हटलं, बॅकअप आहे आमच्याकडे.

"उघडून बघितलास?"

"उघडून कशाला बघायचा? आहे ना!"

"उघडून बघितला नाय तर तो बॅकअप नाय रे बाबा," सलीमभाई म्हणाले, "तावीज हाय!"

मी हसलो. तिथे हसायला नको होतं हे पुढे कळलं. पण त्यांनी मला तसं जाऊ दिलं नाही. डबा दुकानात मागवला, स्वतःच्या समोर आणखी एका डिस्कवर सगळी कॉपी करून घेतली, दोन-चार व्हिडिओ लावून बघितले आणि बजावलं, "ही दुसरीकडे ठेव. डब्याच्या घरात नाय ठेवायची."

*

आता आमच्या घरच्या बॅकअपविषयी सांगायला हवं. जुनी डिस्क मी घरी आणली होती तेव्हा नानांना म्हटलं होतं, "ही सुरक्षित जागी ठेवा." आम्हा महाडकरांच्या डोक्यात सुरक्षित म्हणजे एकच, उंच. आमच्या हॉलच्या भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ अजून आहे. नाना तिला रंग लावू देत नाहीत. घरातलं जे जे मोलाचं, ते त्या रेघेच्या वर. रेशन कार्ड वर, दागिने वर, माझी दहावीची मार्कशीटसुद्धा वर, आणि तिचं मोल काय ते मला माहीत आहे.

नानांनी डिस्क माळ्यावर ठेवली. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, वरून दोरी बांधून. इथवर ठीक होतं.

पावसाळ्यात पुराचा इशारा देणारा नदीचा भोंगा वाजला. मी कामावर होतो. घरी येऊन बघतो तर कपाटात डबा नाही! माईने तोही माळ्यावर चढवलेला. नुसता चढवलेला नाही, त्याच पिशवीत, डिस्कला चिकटून, त्याच दोरीने बांधलेला.

मी म्हटलं, "माई, बॅकअप आणि डबा लांब लांब ठेवायचे असतात गो!"

माई म्हणाली, "असू दे एकत्र. एकमेकाला सोबत होते."

*

तेव्हा सलीमभाईंनी दिलेल्या नव्या डिस्कसाठी मी पोलादपूर निवडलं. नानांनीही लगेच मान्य केलं. "पोलादपूर उंचावर हाय. पाणी येणार नाय." बॅकअपची दुसरी काही बाजू असते हे त्यांना पटवायच्या भानगडीत मी पडलो नाही.

डिस्क काकूच्या हातात दिली, म्हटलं, "काकू, यात सगळं आहे. काकाही आहेत. जपून ठेव."

पुढच्या खेपेला विचारलं, कुठे ठेवलीस? काकूने तांदळाच्या पिंपाकडे बोट केलं. झाकण काढून हात कोपरापर्यंत आत घातला आणि फडक्यात गुंडाळलेली डिस्क वर काढली. फडकं उलगडलं तर आत कडुनिंबाचा पाला.

"हे काय?"

"किडे नको लागायला!"

*

मग आला अपग्रेडचा रविवार. सकाळी मी डब्यासमोर बसलो, तर मागून नाना आले. पायात गमबूट.

नाना म्हणाले, "परमिट घेतलंस?"

"कसलं परमिट? हा काय तुमचा प्लांट आहे? सॉफ्टवेअर टाकतोय."

"काम ते काम. आधी सगळ्यांना गोळा कर."

सगळे म्हणजे मी आणि माई. नानांनी आम्हाला हॉलमध्ये उभं केलं आणि कामाचे धोके समजावून सांगितले. काही अघटित घडलंच तर पळापळ करायची नाही, सगळ्यांनी तुळशीपाशी जमायचं. माईने विचारलं, "गॅसवर डाळ हाय, ती बंद करून जमायचं की तशीच?" नानांनी प्रश्न योग्य असल्याचं सांगितलं. शेवटी प्लांटमधल्या गॅसगळतीच्या सवयीने मला विचारलं, "वाऱ्याची दिशा बघितलीस?"

मी बघितली नव्हती. नाना अंगणात जाऊन बघून आले. "चल, कर सुरू."

मी बटण दाबलं. पडद्यावर हिरवी पट्टी सरकायला लागली. निम्म्यावर आली असेल नसेल, खटकन आवाज झाला आणि सगळं बंद! पंखा बंद, फ्रिज बंद, डबा बंद. धावत दाराशी गेलो तर नाना मेन स्विचवर लाल पाटी अडकवत होते: 'काम चालू आहे. स्विच लावू नये.'

"नाना! हे काय केलंत?"

"लाइट तोडल्याशिवाय यंत्राला हात लावायचा नाय. नोकरीभर एक अपघात होऊ दिला नाय मी!"

"अहो, पण इन्व्हर्टर तरी..."

"तो पण बंद केला. अर्धवट काम आपल्याकडे नसतं."

"मग लाइट नसेल तर अपग्रेड होणार कशावर?"

नानांनी पाटी सरळ केली आणि म्हणाले, "ते तुझं डिपार्टमेंट."

*

डबा परत चालू केला, तर चालूच होईना. नुसता एक दिवा मिचकावत बसला. मी घामाघूम. माळ्यावरची डिस्क उतरवली, दोरी सोडली, पिशवी सोडली, लॅपटॉपला लावली. आत सगळ्या फोल्डरांची नावं नीट होती. 'लग्न.' 'बारसं.' 'गणपती.' उघडली तर पहिली दोनच भरलेली, बाकी रिकामी!

कॉपी मध्येच तुटली होती. शोध घेता कळलं, त्या दिवशी विलास शिमग्याला आलेला होता आणि मोबाइल चार्ज करायला जागा नव्हती म्हणून त्याने डिस्कची वायर काढली होती. फोनवर विचारलं तर म्हणाला, "भाई, टू पर्सेंट होता. इमर्जन्सी होती!"

सलीमभाईंचा तावीज तो हाच. आता उरली ती काकूच्या तांदळातली डिस्क. ती नीट नसेल तर भाऊकाका गेले, दुसऱ्यांदा, आणि ते आमच्या हातून. विलासच्या मोबाइलमधून तो व्हिडिओ जागा करायला कधीच पुसला गेला होता. मी आणि नाना तसेच बाइकवर पोलादपूरला निघालो. नाना तर गमबुटातच होते.

काकूला सांगायची दोघांचीही छाती होईना. शेवटी नाना म्हणाले, "वहिनी, ती डिस्क जरा तपासायची हाय." वयाने लहान असली तरी भावजयीला ते वहिनीच म्हणतात. काकू उठली. पिंपात हात घातला, डिस्क काढली, पाला झटकला, पदराने पुसली. मी लॅपटॉपला लावली. 'गणपती' उघडलं, व्हिडिओ लावला.

ढोलकी वाजली. चाळ वाजले. भाऊकाकांनी सूर लावला.

मी डोळे पुसले. नाना उगाच छताकडे बघायला लागले. काकू मात्र शांत होती. म्हणाली, "चालणारच. पाला बदलते मी अधूनमधून!"

*

डबा सलीमभाईंनी पुसून नवा केला, तांदळातल्या डिस्कवरून सगळं परत भरलं. त्या वेळी नाना दुकानाच्या मेन स्विचला पाठ लावून उभे राहिले. एक गिऱ्हाईक जवळ आलं तर त्याच्यावर खेकसले, "लांब! काम चालू हाय!"

मग घरी टॅबवर तपासणी. नव्या सॉफ्टवेअरला एक हौस आहे: प्रत्येक व्हिडिओला ते स्वतःच्या अकलेने ओळखतं आणि इंटरनेटवरून चित्र आणून लावतं. आमची सगळी बारशी त्याने पाककलेत घातली. आणि नाना-माईंच्या लग्नाच्या कॅसेटला कुठल्याशा परदेशी भुताच्या पिक्चरचं पोस्टर लावलं. अंधारी हवेली, दारात रक्त, आणि कुऱ्हाड घेतलेला माणूस!

नाना भडकले. "हे काढ आधी! कोण म्हणतं शहाणं याला?"

माईने चष्मा लावून पोस्टर नीट न्याहाळलं. "राहू दे रे," ती म्हणाली, "बरोब्बर ओळखलंन!"

*

शेवटी राहिला काकूचा टीव्ही. आम्ही मुद्दाम संध्याकाळी गेलो. काकू स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होती, आम्ही बाहेरच्या खोलीत. मध्ये नुसतं दार. "बिघडवू नका हां," एवढंच ती आतून म्हणाली. नानांनी या वेळी वाऱ्याची दिशा विचारली नाही. खुर्चीत हात बांधून बसले.

मी टीव्हीतलं ॲप नवं केलं. व्हिडिओ लावला. पोरं गोल फिरली, काका गायले, आतून भाकरी थापल्याचा आवाज ढोलकीबरोबर येत राहिला. नाच संपला. काका उठले. उपरणं खांद्यावर टाकलं. दाराशी वळले, तोंड उघडलं.

नाही अडकलं! मी आनंदाने नानांच्या गुडघ्यावर थाप मारली. पडद्यावर काका हसले आणि आत बघून हाक मारल्यासारखे बोलले, "सुमे, निघतो गो मी!"

आतला भाकरीचा आवाज थांबला.

मग काकूचा आवाज आला, रोजच्यासारखाच, जरासा वैतागलेला.

"आवो, भाकर खाऊन जावा! तव्यावरच हाय!"