पाच नावांचा परवाना

नांदेडची ती पोरगी आमच्या लातूरच्या क्लासच्या ऑफिसात आली, त्या दिवसापासून ती मला आवडली नाही, हे आधीच सांगून टाकते. कारण साधं होतं. तिला माझ्यापेक्षा जास्त येत होतं.

मी उदगीरची. भूकंपानंतर बाधितांच्या याद्या टाइप करायला सरकारी कचेरीत मुली हव्या होत्या, तिथे मी कॉम्प्युटर शिकले. पुढे लातुरात क्लासेसचं पेव फुटलं, देगलूर-अहमदपूरची पोरं खोल्या करून राहू लागली, आणि मी एका क्लासमध्ये चिकटले. सात वर्षं ‘कॉम्प्युटरवाल्या बाई’ म्हणजे मीच. पालक, शिपाई, क्लासचे मालक असलेले खुद्द सर, सगळे मलाच विचारायचे. ही विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून डिग्री घेऊन आलेली. आल्या आल्या तिने माझा कीबोर्ड पुसून दिला. मला तोही टोमणाच वाटला.

त्याच वर्षी सरांनी मार्क आणि हजेरीसाठी नवं सॉफ्टवेअर घेतलं. कंपनीचा माणूस समजावून गेला. परवाना पाच माणसांचा, पाच मशीनचा नव्हे. मशीन कुठलंही चालेल, पण फॉर्मवर ज्याचं नाव, त्यानेच आपल्या पासवर्डने उघडायचं. मुख्य सर्व्हरचा परवाना वेगळा. शिवाय एक मशीन राखीव ठेवायचं; रोज संध्याकाळी मुख्य सर्व्हरवरचं सगळं त्यात उतरेल. मात्र मुख्य सर्व्हर बंद पडल्याशिवाय राखीववर सॉफ्टवेअर उघडायचं नाही, म्हणूनच त्याला वेगळा परवाना लागत नाही.

फॉर्म भरायचं काम माझ्याकडे आलं. आमच्याकडे कुठल्याही यादीत आधी मान बघतात. पहिलं नाव सरांचं. दुसरं मॅडमचं, म्हणजे सरांच्या बायकोचं. तिसरं फिजिक्सच्या सरांचं, कारण ते सरांचे साडू. चौथं मॅनेजरकाकांचं, वयाने मोठे म्हणून. पाचवं माझं. पहिल्या चौघांनी माउसला कधी बोटही लावलं नव्हतं.

‘ताई, माझं नाव न्हाई टाकलं?’ तिने विचारलं. ‘मार्क तर मीच भरून राहिले.’

‘पाचच जागा हायत. मोठ्यांना डावलून कसं चालंल?’ मी म्हटलं.

लग्नपत्रिकेत वडीलधारे आधी, तसंच हे, असं मी चारचौघांत सांगत सुटले. खरं तर मला तिला बाहेर ठेवायचं होतं आणि मान ही सोयीची सबब होती.

ती सरांकडे गेली आणि अडचण सांगितली. सरांनी कागदाच्या चिटोऱ्यावर आपला पासवर्ड लिहून तिच्या हातात दिला. ‘मला कुठं लागतोय,’ म्हणाले. सरांच्या नावाला सगळे अधिकार होते. मला न दिसणारी पानंही तिला दिसू लागली. मी तिला पंगतीत पाट दिला नाही, तर ती थेट यजमानाच्या पाटावर जाऊन बसली. माझा नुसता जळफळाट झाला.

मग मी मूर्खपणा केला. राखीव मशीन कोपऱ्यात रिकामं होतं. तिथे आपण एकटीने काम करावं, आपल्या हाताखालचा एक सर्व्हर असावा, असं डोक्यात शिरलं. कंपनीच्या माणसाचं बोलणं मला आठवत होतं. मी कानाआड केलं. दोन दिवस त्यावर सॉफ्टवेअर उघडून मी एका अख्ख्या बॅचचे मार्क भरले. दोन्ही दिवशी संध्याकाळी मुख्य सर्व्हरची प्रत त्यावर उतरली आणि माझं काम पुसून गेली. आधी भरलेलं मी पुन्हा उघडून बघितलंच नाही.

तिसऱ्या दिवशी पालक निकाल बघायला आले. त्या बॅचपुढे सगळे रकाने कोरे. सरांनी पालकांना दुपारनंतर बोलावलं. तिने कपाटातून उत्तरपत्रिका काढल्या. मी मार्क वाचत गेले, ती कीबोर्डकडे न बघता भरत गेली. मला ते बघवत नव्हतं.

सरांनी बोलावलं म्हणून दुपारी कंपनीचा माणूस आला. त्याने नोंदी बघून सरांना सांगितलं, ‘राखीव मशीनवर दोन दिवस सॉफ्टवेअर चालू होतं. कुणाच्या नावानं, ते संध्याकाळच्या प्रतीखाली पुसलं गेलंय. असं चालवायचं तर दुसऱ्या सर्व्हरचा परवाना घ्यावा लागतो.’

‘कुणी उघडलं?’ सरांनी विचारलं.

माझी सात वर्षांची खुर्ची जाणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. तिने मला त्या कोपऱ्यात दोनदा पाहिलं होतं. तिने माझ्याकडे एकदा बघितलं.

‘ते राहू द्या सर,’ ती म्हणाली. ‘पुन्हा न्हाई होणार. पण मी रोज तुमच्या नावानं काम करून राहिले, ते बी नियमात न्हाई. तुमचं नाव काढा, माझं टाका. तुम्हाला ते लागत न्हाई.’

सरांशी असं कुणी बोलत नसे. मॅनेजरकाकांनी मान खाली घातली.

‘हाव की,’ सर म्हणाले. ‘काढा. मला कुठं येतंय ते.’ आणि ते वर्गावर निघून गेले.

तिने मला वाचवलं होतं. मी आभार मानायला हवे होते, मानले नाहीत. तिच्या डिग्रीवर आपण जळतो, असं मी इतके दिवस समजत होते. सात वर्षांत मी सरांकडे स्वतःसाठी काहीच मागितलं नव्हतं. तिने सात महिन्यांत मागितलं, आणि तिला मिळालं.