सुमंगलाक्काचं सूप

रामनगरातून गोव्याला जाणाऱ्या लॉऱ्या दिवसभर धडधडत असतात. रस्ता थरथरतो, चहावाल्या लाडूच्या दुकानातल्या कपबशा थरथरतात, आणि त्याच रस्त्याकडे पाठ करून, चार पोफळींच्या आड एक खोली आहे, जिथं सुईच्या टोकाएवढा आवाज ऐकायचं काम चालतं. ती खोली सुमंगलाक्काची. जोयडा तालुक्यात गुरं पारखणारे पुष्कळ, लाकूड पारखणारे त्याहून पुष्कळ. गाण्याची काळी तबकडी पारखून तिची किंमत सांगणारी बाई मात्र एकच, आणि ती आमच्या गल्लीत राहते. हे मी जरा छाती पुढं काढूनच लिहितो.

तबकडीला आमच्याकडे प्लेट म्हणतात. अक्काच्या नशिबात प्लेटा आल्या त्या नवऱ्याबरोबर. विनायकअण्णा एके काळचे स्पीकरवाले. सुपा धरणाच्या पाण्यानं जुनी गावं हलली आणि माणसं इथं वसू लागली, तेव्हापासून या भागात कुठंही मांडव पडला की जवळच्या झाडावर अण्णांचा भोंगा चढायचा. बैलगाडीतून यंत्र न्यायचं, बॅटरीवर चालवायचं, आणि नवरी न्हायला बसायच्या आधी पहिली प्लेट लावायची. पुढं कॅसेटी आल्या, प्लेटा माळ्यावर गेल्या, आणि भोंग्याखाली बसून बसून अण्णांचे कानही गेले. आता ते ओठांवरून बोलणं ओळखतात. ओठ दिसले नाहीत तर त्यांच्या लेखी समोरचा माणूस गप्पच.

अक्का खानापूरकडची. लग्नाआधी तिकडं आणि लग्नानंतर इकडं, भाताच्या मिलमध्ये तांदूळ पाखडण्यात तिची निम्मी हयात गेली. मिलमध्ये मालाच्या जाती चार. अख्खा, तुकडा, कणी आणि कोंडा. मधे बेळगाव-बेंगळूरच्या तरण्या पोरांना जुन्या प्लेटांचं वेड लागलं, ती हुडकत हुडकत रामनगरापर्यंत आली आणि "ही कशी आहे?" असं विचारू लागली, तेव्हा अक्कानं नवे शब्द शोधले नाहीत. जिच्यात गाणं सबंध, ती अख्खा. मधूनच खुट्ट होतं, ती तुकडा. गाण्याबरोबर मोहरी तडतडते, ती कणी. आणि जिच्यात गाणंच चाचपावं लागतं, ती कोंडा.

काम दोघांत वाटलेलं. आधी अण्णा बघणार. प्लेट खिडकीशी न्यायची, तिरकी धरायची आणि उजेड तिच्यावरून पाण्यासारखा ओघळू द्यायचा. ओरखडा कुठं, वाक कुठं, मधल्या गोल कागदावर कुणी आपलं नाव गिरवलंय काय, कव्हराला वाळवी लागली काय. इथला पाऊस कागदाला सोडत नाही, म्हणून अण्णा कव्हरं चुलीवरच्या फळीवर धुरात ठेवतात आणि प्लेटा गार भिंतीला उभ्या. बेंगळूरला एखादं गिऱ्हाईक कव्हर नाकाशी धरून ओळखतं म्हणे, की ही जोयड्याची.

मग अक्का ऐकणार. पुढ्यात सूप, मुठीत तांदूळ, डोळे मिटलेले. प्लेट खुट्ट म्हणाली की मुठीतला एक दाणा सुपात. गाणं संपलं की सुपातला ढीग बघायचा आणि जात सांगायची. दाणा सुपावर पडताना आवाज करत नाही, म्हणून सूप. ताट चालत नाही. चकचकीत प्लेट वाजताना रडते आणि ओरखडलेली नीट गाते, असं तर कितीदा होतं. डोळ्याचं आणि कानाचं जमलं नाही तर खालची जात धरायची, हा त्या घराचा कायदा. म्हणजे अक्काचा.

एकदा जोयड्याहून एक जण रेशमी फडक्यात गुंडाळून प्लेट घेऊन आला. खंडेनवमीला हत्यारांबरोबर तिचीही पूजा व्हायची, त्यामुळं गोल कागदावर कुंकवाचे थर. अक्कानं ऐकली आणि म्हणाली, "कोंडा."

"अवो अक्का, देव्हाऱ्यात ठेवली हुती ही!"

"मंग देवालाच इचारा किंमत."

गणेशगुडीला होमस्टे चालवणारा विनोद तर वेगळंच मागतो. त्याला प्लेटा भिंतीवर टांगायच्या असतात. "अक्का, कोंडा द्या, पर चकचकीत द्या." अक्का देते. पण खिळा ठोकणार हे ऐकलं की तोंड असं करते, जसं कुणी तिच्यासमोर देवळाच्या तळ्यातला मासाच तळतंय.

या सगळ्यात नेमानं येणारं गिऱ्हाईक म्हणजे बेळगावचा प्रज्योत. हा इथून माल घेऊन लांब लांब विकतो. तो स्वतः प्लेट लावून बघत नाही. अक्का ऐकत असताना तो रस्त्यापलीकडे लाडूकडे चहा पीत बसतो, कारण खोलीत तिसरा माणूस श्वास घेत असला तरी अक्काला अडचण होते. ती जी जात सांगेल ती पेन्सिलीनं चिठ्ठीवर लिहायची, चिठ्ठी कव्हरात घालायची, झाला व्यवहार. आजवर एकही प्लेट परत आली नाही. अक्काच्या घरात सोनं फारसं नाही, शेत पावसावर. पण तिचा शब्द पार बेंगळूरपर्यंत चालतो, आणि तिला त्याची जाण आहे.

गेल्या थंडीत प्रज्योत एक निरोप घेऊन आला. धारवाडचे कुणी गृहस्थ नंदगडच्या बाईची प्लेट शोधत होते. ही बाई नाटकात गायची. तिची एकच प्लेट निघाली, थोड्याच प्रती खपल्या, मग बाईही गायची थांबली. त्यांतली एक आमच्या अण्णांकडे, लाकडी पेटीत, मलमलीत गुंडाळलेली. मांडवात पहिली लागायची ती हीच. धंदा बंद झाल्यावर अण्णांनी ती कुणाला लावू दिली नाही, अक्कालाही नाही. वर्षातून एकदा रिठ्याच्या पाण्यानं धुणार, सावलीत वाळवणार, उजेडात धरून बघणार आणि परत पेटीत. "अख्खा हाय," ते कुणालाही सांगायचे. "नुसती अख्खा न्हाई, बासमती."

प्रज्योतनं भीतभीतच विषय काढला. अण्णांनी त्याच्या ओठांकडे नीट बघितलं, थोडा वेळ मिशी चोळली आणि म्हणाले, "दे त्यास्नी."

"अण्णा, खरंच देतासा?"

"मला ऐकू येत न्हाई, आन पेटीला कान न्हाईत. ऐकणाऱ्याकडं जाऊ दे. पर एक सांगतो, आत चिठ्ठी पायजे. अक्काच्या हातची. 'अख्खा' म्हणून."

चहा घेऊन आलेला लाडू दारातून म्हणाला, "आन अक्कानं कोंडा म्हटलं तर वो?"

"तू चहा गाळ जा. तुझ्या चहाला जात लावायची म्हटली तर चार पुरणार न्हाईत."

प्रज्योत हसत लाडूच्या मागं गेला. अक्कानं दार लावलं. पुढचं मला दोघांनीही सांगितलं, पण वेगवेगळं. जेवढं जुळलं तेवढंच लिहितो.

लॉऱ्यांची रांग सरल्यावर अक्कानं सुई ठेवली. पहिला आलाप यायच्या आधीच कढई तापल्यासारखी तडतड सुरू झाली. बाईचा आवाज आला, गोड होता, पण मोहरीच्या फोडणीतून यावा तसा आला. अक्कानं डोळे उघडले. समोर पाटावर अण्णा बसलेले, हात गुडघ्यांवर. ते प्लेटकडं बघत नव्हते, अक्काच्या मुठीकडं बघत होते. परीक्षेच्या निकालाला पोरगं बसतं तसे.

दाणे टाकावेत तर या माणसाचं एवढं एक जपलेलं जातं. टाकू नयेत तर खोटी चिठ्ठी धारवाडला जाते, आणि तिथं लागायची ती प्लेट लागणारच, तिथल्या माणसाला कान असणारच. एकदा परत आली की अक्काचा शब्द संपला. हे सगळं तिला पहिल्या कडव्यातच कळलं. तरी मूठ उघडली नाही. प्लेटची एक बाजू संपेस्तोवर ती तशीच बसून राहिली, आणि सूप रिकामं राहिलं.

अण्णांच्या तोंडावर हसू पसरायला लागलं आणि निम्म्यात थांबलं. त्यांनी सूप उचललं. प्लेट धरतात तसं खिडकीच्या उजेडात तिरकं धरून बघितलं.

"दाणं कुठं हायत?"

"पडलं न्हाईत."

"एक पन?"

"न्हाई."

"सुमंगला, तो प्रज्योत सील न फोडलेली प्लेट घेऊन आला हुता, तिला पन दोन पडलं. ही काय देवाच्या घरात वाजली व्हय?"

अक्कानं पदर तोंडाला लावला आणि काहीतरी पुटपुटली.

"पदर काढ. तोंड दिसू दे."

"बरी हाय म्हटलं."

"बरी? मिलात 'बरी' अशी जात हुती काय कुठली?"

अक्कानं तांदळाची मूठ पदराखाली घेतली. अण्णांनी स्वतः उठून सुईचा दांडा परत कडेला आणून ठेवला. इतक्या वर्षांनीही सुई बरोबर जागेवर पडली.

"राहू द्या की वो."

"मूठ उघड. माझ्या प्लेटला तू फुकटची अख्खा देतीस? भीक हाय काय ती?"

मग अक्कानं नेहमीसारखे डोळे मिटले आणि दाणे पडू लागले. आधी एकेक, अंगणात पाखरं उतरावीत तसे. अण्णा सुपावर वाकून बघत होते. थोड्या वेळानं दाणे भराभरा पडले, मग एकदम थांबले, मग पुन्हा मूठभर सांडल्यासारखे आले. अण्णांची मान हलू लागली. एक हात गुडघ्यावर ठेका धरू लागला.

"इथं बाईचा आवाज चढतोय," ते म्हणाले. "व्हय ना? आता खाली उतरंल, बघ."

दाणे विरळ झाले. बाईचा आवाज उतरला होता.

अक्का सांगते, तिनं डोळे उघडले तेव्हा तिला क्षणभर वाटलं, यांचे कान आले की काय. ते गाणं अण्णांना पाठ होतं. पण पाठ असणं वेगळं आणि समोर घडताना बघणं वेगळं. प्लेट झिजली होती ती नेमकी चढत्या आवाजाला, आणि म्हणून सुपात दाण्यांनी ते गाणंच मांडलं होतं, चढ-उतारासकट. गाणं संपून प्लेट रिकामी फिरू लागली, तरी दोघं बसून राहिली.

मग अण्णांनी ढिगात बोट फिरवलं. "नाणं," ते म्हणाले. "मांडवात पोरं नाचायची, सुई उडायची, म्हणून दांड्यावर मी नाणं चिकटवायचो. त्या वजनानं खाल्ली हिला. वरनं चकचकीत, आतनं गेली." मग त्यांनी विचारलं, "कवापासनं अशी वाजतीया?"

"कॅसलरॉकच्या लग्नात लावलीसा, तवापासनं तरी."

"आन मला तवा बोलली न्हाईस?"

"तवा तुमास्नी कान हुतं की! तुमीच का न्हाई ऐकलासा?"

 अण्णांनी विषय बदलून धंद्यावर आणला. "बरं, जात बोल. तुकडा?"

"कणी."

"तुकड्याच्या अंगाची कणी म्हण."

"कणी."

"नवऱ्याला काय सूट?"

"सूट मघाशी दिली हुती. तुमीच घेतली न्हाईसा."

अण्णा मोठ्यानं हसले. त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, त्यामुळं ते हसले की पोफळीवरचे कावळे उडतात. दार उघडून ते रस्त्याच्या कडेला गेले, आणि येणाऱ्या लॉरीची पर्वा न करता पलीकडं ओरडले, "प्रज्योत! कणी हाय रे, कणी!"

लाडूच्या दुकानात बसलेले सगळे बाहेर आले. लाडूनं हातातली गाळणी तशीच धरली होती. "अक्कानं घरच्या मालाला कणी लावली?"

"लावली! इचारून बघ, तुकड्याला पन येईना."

प्रज्योतनं तिथूनच धारवाडला फोन लावला. कणी आहे म्हणाला, किंमत उतरेल, हवी का बघा. पलीकडून विचारणा झाली की कणी कुणी ठरवली. प्रज्योतनं नाव सांगितलं. "मग आणा," ते म्हणाले. "ती बाई कणी म्हणते म्हणजे तडतडीच्या मागं गाणं असणार. कोंडा असती तर तिनं कोंडाच म्हटलं असतं." अक्कानं पेन्सिलीनं दोन अक्षरं लिहिली, अण्णांनी ती चिठ्ठी स्वतःच्या हातानं कव्हरात सरकवली, आणि दुपारच्या बेळगाव बसनं नंदगडची बाई निघून गेली.

मला वाटलं होतं, पेटी रिकामी झाली, आता म्हातारा चार दिवस खिन्न राहील. तर दुसऱ्याच दिवशी अण्णा माळ्यावर चढलेले. कुणी विकत न घेतलेल्या, वाळवीनं कव्हरं खाल्लेल्या प्लेटा त्यांनी खाली आणल्या, फडक्यानं पुसल्या आणि सूप अक्काच्या पुढ्यात ठेवलं. तेव्हापासून संध्याकाळी लॉऱ्या जरा कमी झाल्या की त्या खोलीत एखादी प्लेट लागते. पारखायला नाही. अक्का दाणे टाकते, अण्णा बघतात, मान हलवतात, मधेच "वा!" म्हणतात. कोंडा लागली तर मूठभर तांदूळ पुरत नाहीत, शेर घेऊन बसावं लागतं, आणि अण्णांची समाधी लागते.

परवा प्रज्योतनं हौसेनं एक कोरी, खणखणीत प्लेट आणून लावली. अक्का डोळे मिटून ऐकत राहिली, सुरुवातीला दोन दाणे पडले ते तेवढेच. अण्णा सुपात बघून बघून कंटाळले.

"बंद कर गं," शेवटी ते म्हणाले. "हिच्यात गाणंच घातल्यालं न्हाई."