समोरच्यांच्या डब्यातली किल्ली

मला समोरच्या शेजाऱ्यांचा हेवा वाटायचा, आणि तोही चकलीच्या एका डब्यावरून. आता सांगायला काय हरकत आहे?

हडपसरच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये, माझा उभा जन्म गेला. निवृत्त होऊन मुलगा-सुनेबरोबर मांजरीच्या नव्या सोसायटीत राहायला आलो, तेव्हा माझे कपडे एका बॅगेत मावले. हत्यारांची पेटी मात्र दोघांना उचलावी लागली. समोरच्या फ्लॅटमध्ये एक निवृत्त ग्रंथपाल राहत. पुस्तकांच्या पाठीवर चिठ्ठ्या चिकटवण्यात आयुष्य गेलेलं. स्क्रू ड्रायव्हरसुद्धा पेन धरावं तसा धरत.

सोसायटीत सगळ्यांचं फर्निचर खोक्यातून यायचं. फळ्या, स्क्रूंची पुडी आणि ते आवळायची करंगळीएवढी वाकडी किल्ली, ॲलन की. जोडून झालं की लोक ती कुठल्यातरी ड्रॉवरमध्ये टाकून विसरायचे. आमचा पलंग आला तेव्हा मी ती सरळ कचऱ्यात टाकायला निघालो. माझ्याकडे चांगल्या पोलादाचा अख्खा सेट होता. ग्रंथपाल दारातच उभे होते.

"टाकताय? मग मला द्या."

"अहो, खेळणं आहे ते."

"असू द्या. या वयात आम्ही दुसरं काय करणार?"

त्यांनी तिला दोऱ्यानं चिठ्ठी बांधली: 'समोरचे, पलंग'. अशा सगळ्या मजल्यांच्या किल्ल्या त्यांच्या त्या चकलीच्या रिकाम्या डब्यात जमल्या. कुणाचं टेबल हललं, कुणी घर बदललं, की माणसं त्यांच्या दारात. "काका, तुम्ही होतात म्हणून बरं!" हे मी दार किलकिलं करून ऐकायचो. माझ्या हाताखाली कितीतरी फिटर तयार झाले, आणि मला कुणी विचारत नव्हतं. नुसता जळफळाट व्हायचा.

त्यात माझ्याच हातून घोटाळा झाला. सुनेचं कामाचं टेबल डुगडुगत होतं. मी माझी लांब दांड्याची की लावली आणि लोखंड आवळावं तसं आवळलं. भुसा दाबून केलेली फळी ती, कडकन फुटली. सुनेनं फळीवर चिकटपट्टी लावून काम चालवलं. पण महिन्याभरानं पलंग करकरायला लागला तेव्हा म्हणाली, "बाबा, तुम्ही नका त्रास घेऊ. मी काकांना विचारते."

हे मला फार लागलं. फुटलेल्या फळीकडे बघताना कळलं होतं, की ती चिमुकली की आखूड का असते. तिच्यानं जास्त जोर लावताच येत नाही, म्हणून फळी वाचते. आणि मी तिला खेळणं म्हणालो होतो!

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्तमानपत्र मागायच्या निमित्तानं मी समोर गेलो. ग्रंथपाल चहा टाकायला आत वळले. डबा टीपॉयवरच होता. मी आमच्या पलंगाची किल्ली चिठ्ठीसकट खिशात घातली. चोरी कसली, आमचीच तर होती. चहाही प्यायलो.

सून त्यांच्याकडे गेली तेव्हा किल्ली सापडेना. बिचारे दोन-तीन दिवस डबा उपसत होते. इकडे सून भाजी आणायला गेलेली बघून मी त्याच किल्लीनं पलंग बेताबेतानं आवळला. करकर थांबली. किल्ली चिठ्ठीसकट माझ्या पेटीच्या तळाशी गेली.

"बाबा, तुमच्याकडे काय नसतं!" ती म्हणाली. ते वाक्य मी आठवडाभर पुरवून पुरवून चघळलं.

मग दसरा आला. दरवर्षी मी हत्यारं पुसून पाटावर मांडतो. त्या वर्षी माझी कंबर धरली होती, म्हणून सुनेनं पेटी उघडून घाईघाईत सगळं मांडलं. पाने, कानशी, व्हर्नियर. वर झेंडूची फुलं. संध्याकाळी ग्रंथपाल आपट्याची पानं घेऊन आले, पाटाला नमस्कार करायला वाकले आणि वाकलेलेच राहिले. व्हर्नियरच्या शेजारी, हळदीकुंकू लावलेली, त्यांच्याच अक्षरातली चिठ्ठी होती.

सूनही वाकली. "काका, ही तुमच्या डब्यातली ना? हरवली होती ती?"



"हरवली कुठे?" ते म्हणाले. "मीच दिली होती बाबांना. विसरलो बघा. म्हटलं, पलंगाला त्यांचाच हात हवा." मग माझ्या तळहातावर आपट्याचं पान ठेवलं. "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा."

सून माझ्याकडे कौतुकानं बघत होती. मला लाज वाटली, वाटायलाच हवी होती. पण खरं सांगतो, लाजेच्या आधी हेवाच वाटला. किती आवळायचं आणि कुठे थांबायचं, हे त्या माणसाला न शिकता येत होतं.