बुडालेल्या गावाला नेलेलं कणीस

ओसाड गावं बघत हिंडायची मला फार जुनी खोड. बायको म्हणते, जिथं चहा विचारायला माणूस नाही तिथंच तुमचा जीव रमतो. पण नर्मदेकाठची, धरणाच्या पाण्यात गेलेली गावं बघायची राहिली होती. लाजेची गोष्ट अशी, की त्यातल्याच एका गावची माणसं लोणखेड्याबाहेर आमच्या शेताच्या बांधापलीकडे कित्येक वर्षं राहतायत. सरकारनं त्यांना वसवलं ते रान माझ्याच वडिलांनी विकलेलं. आणि इतक्या वर्षांत मी त्यांना कधी विचारलं नाही, की बाबांनो, तुमचं गाव कसं होतं?

यंदा मे महिन्यात विचारलं. बांधापलीकडचा जोमाकाका म्हणाला, मी जाणारच आहे, चल. काका पावरा आदिवासी, सत्तरीच्या पुढचा, वाळलेल्या शेंगेसारखा. घरी पावरी बोलतो, माझ्याशी अहिराणी. पहाटे शहाद्याहून जीप धरली. म्हसावद मागे पडलं तशी केळी संपली, ऊस संपला आणि समोर नुसता उघडाबोडका सातपुडा उभा राहिला. घाटात मला गाडी लागली, दोनदा जीप थांबवावी लागली. काका मांडीवर एक फडक्यातलं गाठोडं जपत बसला होता.

धडगावला टपरीवर शिदोऱ्या सोडल्या. माझी कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) आणि ठेचा. काकाच्या शिदोरीत रेशनच्या गव्हाच्या पोळ्या. मी गंमत केली, काका, तुमचा थाट साहेबाचा! तो हसला नाही. मग चहा पिता पिता त्यानं सगळं सांगितलं. त्यांच्यात नवं धान्य आधी मेलेल्या माणसाला द्यायचं, मग घरच्यांनी तोंडात घालायचं. त्याच्या बापाच्या नावाचा दगड जुन्या गावी उभा आहे. ज्वारी घरात येते दिवाळीला, तेव्हा त्या दगडावर मोठं पाणी असतं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की दगड बाहेर येतो. पोरंसोरं घरीच देवापुढं दाणे टाकून खातात, त्यांना तो काही म्हणत नाही. स्वतः मात्र दिवाळीपासून ज्वारीला शिवलेला नव्हता. गाठोड्यात नव्या पिकाचं पहिलं कणीस होतं, कुणाच्या दाताला न लागलेलं.

"तुन्हा बाप कोठे शे?" त्यानं विचारलं (तुझा बाप कुठे आहे?).

मी सांगितलं, प्रकाशा गावाला, तापीत त्यांची राख सोडली.

"मंग त्याले दाना कोठे देतस?" (मग त्याला दाणा कुठे देता?)

मी चहाचे पैसे द्यायला उठलो.

धडगावाहून दुसऱ्या जीपनं काठावर उतरलो, तिथून होडी. होडीवाला सायसिंग काकाच्या नात्यातला. ऊन नुसतं भाजत होतं. पाण्यात सागाची मेलेली खोडं उभी होती, काळी पडलेली, त्यांच्यावर पाणकावळे. सायसिंग हात करून दाखवत होता, ही शाळा, हा महू (मोहाचं झाड), इथं माझं लगीन लागलं. तो बोट दाखवी तिथं पाणीच होतं. मी इतकी ओसाड गावं बघितली, तिथं निदान एखादी भिंत असते, चुलीचा काळा डाग असतो. इथं काहीच नव्हतं. उगाच आलो असं वाटलं.

मग एका उतारावर वाळलेला, तडकलेला गाळ दिसला, आणि त्यात कमरेइतका दगड, गाळानं माखलेला. काका ताडकन उभा राहिला. होडी हलली. उतरताना हात मोकळे हवेत म्हणून त्यानं गाठोडं माझ्याकडे दिलं. गाठ सैल झाली होती, कणीस बाहेर आलं. टपोरं, पांढरं, आमच्याच जुन्या रानातलं.

आता काय सांगू! कणीस हाती आलं की दाणा दाताखाली फोडून बघायचा, वाळलं की नाही ते. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हेच. वडील तर परक्याच्या खळ्यावरही फोडायचे. कट्‌ असा आवाज झाला आणि मग मला कळलं मी काय केलं.

सायसिंगनं मान फिरवली. काका गाळात उभा राहून माझ्या तोंडाकडे बघत होता. मी दाणा थुंकला. दुसरी बाजू देऊ, तेवढा भाग तोडून टाकू, असं काहीबाही बडबडलो.

"उष्टं व्हयनं," तो म्हणाला (उष्टं झालं). रागानं नाही. राग केला असता तर बरं झालं असतं.

त्यानं हातानं दगडावरचा गाळ खरवडला. पाणी आणून दगड धुतला. मग समोर उकिडवा बसून बराच वेळ पावरीत बोलला. सायसिंगला मी हळूच विचारलं, काय म्हणतोय? तो म्हणाला, बापाला सांगतोय, यंदा रिकामा आलो, पुढच्या उन्हाळ्यात आणतो, तोवर कळ काढ.

परतीच्या वाटेवर काकानंच मला पाणी पाजलं. उष्टं कणीस त्यानं फडक्यात परत बांधून घेतलं होतं.

घरी बायकोनं भाकरी वाढली, मी पोळी मागितली. सगळं सांगितल्यावर ती कणीक मळायला बसली. आठवडाभर मी ज्वारीला शिवलो नाही. मनात म्हटलं, काका खात नाही तोवर आपणही नाही. एका सकाळी तो बांधावर गवताचा भारा घेऊन भेटला, तेव्हा हे त्याला सांगितलंही. त्याला बरं वाटेल असं मला वाटलं होतं.

भारा खाली न ठेवताच तो म्हणाला, "तू खाय भाऊ. तुन्ही कोन वाट देखी ऱ्हायना?" (तू खा भाऊ. तुझी कोण वाट बघतंय?)

आणि आमच्या जुन्या रानात निघून गेला.

त्या दिवशी मी भाकरी खाल्ली. घशाखाली उतरली नाही असं लिहिलं असतं, पण ते खोटं होईल. दोन खाल्ल्या.