बिनतक्रारीचे भाडेकरू

मालकी चार खोल्यांची, पण तोरा असा की अख्खी गल्ली विकत घेतलीय. जन्मभर कारखान्यात फिटरचं काम केलं, निवृत्तीच्या पैशातून दुमजली घर घेतलं आणि खाली-वर दोन-दोन खोल्या भाड्याने दिल्या. भाडेकरू त्याला काका म्हणत. भाडं वाढवायची त्याची एक रीत होती आणि तिचा त्याला कोण अभिमान! रिकाम्या हाताने वाढ मागायची नाही. आधी नळ बदलायचा, नाहीतर भिंतीला रंग काढायचा, मग जाता जाता म्हणायचं, "पुढच्या महिन्यापासून थोडं वाढवून द्या हं." थोडंच. एकदम वाढवलं की माणूस बिचकतो, हे त्याचं तत्त्वज्ञान.

"माझे भाडेकरू बघ," तो बायकोला ऐकवायचा. "दोन वर्षांत एकाची तक्रार नाही."

"देवमाणूसच की तुम्ही," ती भाजी निवडता निवडता म्हणायची. आणि या शहाण्याला ते खरं वाटायचं.

एके दिवशी बाहेरच्या भिंतीवर ओल दिसली. हत्यारांची पिशवी घेऊन तो तळमजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाईंकडे गेला. एकट्याच राहायच्या, दिवसभर मशीनवर. दार उघडलं तेही अर्धवट.

"आमच्याकडे सगळं ठीक आहे, काका."

"अहो, भिंत भिजलीय बाहेरून. बघू तरी द्या."

बाई नाइलाजाने बाजूला झाल्या. सिंकखालचा पाइप फुटलेला. त्याला प्लास्टिक गुंडाळून वरून कापडाची पट्टी घट्ट शिवली होती, टाके अगदी रेखीव. खाली बादली. स्विचच्या जागी चिकटपट्टीत गुंडाळलेल्या वायरी. खिडकीला छान झालरीचा पडदा, आणि त्याच्यामागे काचेऐवजी पुठ्ठा.

त्याचं डोकंच फिरलं. "कधीपासून चाललंय हे? सांगायचं नाही का मला? मी काय परका आहे?"

"सांगितलं की तुम्ही दुरुस्त करता."

"मग करणारच ना!"

"आणि दुरुस्त केलं की भाडं वाढतं." बाई गिऱ्हाइकाला माप सांगावं तशा शांतपणे बोलत होत्या. "नळाच्या वेळी कसंबसं भागवलं. रंगाच्या वेळी मुलीपुढे हात पसरला. आता पाइप बदललात तर खोलीच सोडावी लागेल मला. तुमची चूक म्हणत नाही मी."

चूक म्हणाल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. देवमाणूस! बायको काय म्हणत होती ते आत्ता कुठे डोक्यात शिरलं.

त्याने पाइप बदलला, वायरी नीट केल्या, काचेचं माप घेतलं. बाई टॉर्च धरून उभ्या होत्या. उजेड पाइपवर होता, पण त्यांची नजर त्याच्या चेहऱ्यावर.

"याचं भाडं वाढणार नाही," तो मान खाली घालूनच म्हणाला.

"बरं," बाई म्हणाल्या. मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "म्हणजे पुढच्या महिन्यापासून नाही ना? त्याच्या पुढच्या?"

त्याने हत्यारं पिशवीत भरली. नकारार्थी मान हलवून तो बाहेर पडला आणि वरच्या खोल्या बघायला जिना चढू लागला. वरचा ड्रायव्हर दारातच उभा होता. त्याने आधी काकांच्या हातातली पिशवी पाहिली, मग पाठीमागे हात नेऊन दार हळूच ओढून घेतलं.

"आमच्याकडे काही बिघडलेलं नाही हं, काका," तो हसून म्हणाला.

आत बादलीत पाणी ठिबकत होतं. दोघांनाही ते ऐकू येत होतं.