डावीकडे ओढणारी गाडी

या पृथ्वीतलावर देवाने किंवा माणसाने एकही वस्तू सरळ बसवलेली नाही आणि ती सरळ करण्यासाठीच आपल्याला जन्माला घातले आहे, अशी माझ्या बायकोच्या मामांची ठाम समजूत आहे. आमच्या घरी आले की ते आधी पाणी पीत नाहीत. आधी भिंतीवरच्या माझ्या वडिलांच्या फोटोची एक बाजू करंगळीने जराशी वर करतात, दोन पावले मागे सरकून एक डोळा मिटतात, मग पुढे येऊन ती बाजू होती तिथे पुन्हा खाली आणतात आणि "हं, आता बसला," असे म्हणून स्वतः बसतात. जेवताना पानातले मीठ आणि लिंबाची फोड एका रेषेत आल्याशिवाय ते घास उचलत नाहीत. माझ्या मेहुण्याच्या लग्नात आंतरपाट एका बाजूला झुकला म्हणून त्यांनी भर मंगलाष्टकात हात वर करून "भटजी, डावीकडून चार बोटं वर घ्या," अशी सूचना केली होती, आणि भटजींनीही ती मुकाट्याने पाळली. मिरकरवाड्याच्या बंदरावर मासे आणायला गेले की उलटसुलट पडलेले बांगडे ते एका दिशेला तोंडे करून लावून देतात. तिथल्या मासेवालीला आता याची इतकी सवय झाली आहे की मामा दिसले की ती उठतेच. "लावा मामानू, लावा, तवर मी चाय पिऊन येते," म्हणते आणि खुशाल निघून जाते. मामी मात्र हे सगळे कधीच चालवून घेत नसत. "अहो, फोटो सरळच आहे, तुमची मान वाकडी झालीय," हे वाक्य मी लग्न झाल्यापासून ऐकत आलो आहे.

मामांनी उभा जन्म बोटीवर काढला. नोकरी इंजिनाची. इंजिनापासून पाण्यातल्या पंख्यापर्यंत जाणारा जो लांबलचक दांडा असतो, तो केसभर जरी हलला तरी अख्खी बोट थरथरायला लागते म्हणे, आणि तो रेषेत ठेवणे हे मामांचे काम. त्यामुळे त्यांना सगळ्या जगाचाच दांडा हललेला दिसतो याचे मला नवल वाटत नाही. सुट्टीवर आले की ते मामींना दर वेळी सांगत, "पुढच्या खेपेला गाडी घेऊ आणि तुला समुद्राकाठानं फिरवून आणीन." पुढची खेप यायची, घराची कौले बदलायची असायची किंवा पोरीचे बाळंतपण असायचे, आणि मामा पुन्हा बोटीवर जायचे. मामींनी समुद्र पाहिला तो बहुतेक एकटीनेच, भाट्याच्या पुलावरून, एसटीच्या खिडकीतून.

निवृत्त झाल्यावर मामांनी गाडी आणली. कुठली आणली? तर मुंबईच्या कुणा हौशी माणसाने वापरून सोडलेली, लालभडक, दोनच माणसांची, जमिनीला पोट टेकवून पळणारी स्पोर्ट्स कार. तिच्यात शिरणे म्हणजे पाटावर बसणे आणि बाहेर येणे म्हणजे कुणीतरी हात देऊन ओढून काढणे. मामी दारात उभ्या राहून तिच्याकडे पाहतच राहिल्या. "दोनच खुर्च्या? माझी बहीण आली तर तिला काय टपावर बसवू?" मामा शांतपणे म्हणाले, "ही गाडी आपल्या दोघांचीच आहे." मामी पदर सावरत आत निघून गेल्या.

गावच्या रिवाजाप्रमाणे गाडी रस्त्यावर आणण्याआधी देवाला विचारायला हवे होते. मामांच्या गावात ग्रामदेवतेला कौल लावल्याशिवाय कुणी विहीरसुद्धा खणत नाही. गुरव पाषाणाच्या दोन्ही अंगांना फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणे घालतो आणि सगळे वाट बघत बसतात. उजवी पाकळी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. आम्ही सगळे हात जोडून उभे होतो आणि पडली ती नेमकी डावी. दुसऱ्या कुणी निमूटपणे गाडी परत पाठवली असती. मामा पुढे झाले, एक डोळा मिटून त्यांनी पाषाण न्याहाळला आणि गुरवाला म्हणाले, "अरे, दोन्ही पाकळ्या एका रेषेत नव्हत्या. डावी वर लागलेली. परत लाव." गुरवाने परत लावली. पुन्हा डावी. मामा म्हणाले, "पाणी कमी पडलं." तिसऱ्या खेपेला देव बहुधा कंटाळला असावा, कारण उजवी पडली. मामांनी देवाला नारळ दिला आणि घरी येताना मला म्हणाले, "जावईबापू, देवाचं चुकत नाही हो. लावणाऱ्याचं चुकतं."

त्यानंतर रत्नागिरीत त्या गाडीने जी करमणूक केली तिला तोड नाही. हायवेचे काम आमच्याकडे नेहमीच चालू असते आणि गावातले गतिरोधक चांगलेच उंच. त्यामुळे मोठा गतिरोधक आला की मामा गाडी थांबवून म्हणायचे, "उतर गं जरा." मामी उतरायच्या, गतिरोधक पायी ओलांडायच्या आणि पलीकडे वाट बघत उभ्या राहायच्या. वजन कमी झालेली गाडी तिरकी तिरकी वर चढायची, उतरायची आणि मामी परत तिच्यात बसायच्या. आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळ्याला जाईपर्यंत मामींची निम्मी वाट पायीच होते, अशी आमच्याकडे थट्टा होती. पण गाडीत बसल्यावर, डावीकडे खाली समुद्र उघडा पडला की मामी बोलायच्या थांबायच्या. एरवी मामींना गप्प करणे कुणालाही जमलेले नाही.

अशा खड्ड्यांतून फिरल्यावर व्हायचे तेच झाले. गाडी डावीकडे ओढायला लागली. मामांच्या आयुष्यातला हा सर्वांत मोठा अपमान होता. साळवी स्टॉपच्या पुढे अनंताचे चाकांच्या अलाइनमेंटचे दुकान आहे. तिथे चढावर गाडी घ्यायची तर तिचे नाक जमिनीला घासायचे, म्हणून आंब्याच्या फळ्या टाकून चढ लांब केला. चारही चाकांना यंत्रे अडकवली आणि पडद्यावर तांबडे आकडे दिसले. अनंताने खाली जाऊन पाना फिरवला, आकडे एकेक करून हिरवे झाले, म्हणजे चाके रेषेत आली. मामा गाडीच्या नाकासमोर गुडघ्यावर बसून एक डोळा मिटून स्वतः खात्री करत होते. यंत्रावर विश्वास आहे, पण डोळा तो डोळा, असे त्यांचे म्हणणे. त्या दिवशी ते इतके खुशीत होते की त्यांनी दुकानातली टायरेसुद्धा एका रेषेत लावून दिली.

पण आठ-पंधरा दिवसांत मामा परत आले. "अनंता, डावीकडे ओढतेय." अनंताने तपासले. सगळे हिरवे. मामा गेले आणि पुन्हा आले. मग त्यांनी रस्त्यालाच दोष दिला, की रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो म्हणून गाडी ओढते, आणि उपाय म्हणून ते रस्त्याच्या बरोबर मधून चालवू लागले. समोरून आलेल्या एसटीच्या ड्रायव्हरने त्यांना जे ऐकवले ते इथे लिहिण्यासारखे नाही. शेवटी परटवण्याच्या वळणावर जांभ्या दगडांच्या कुंपणाच्या गडग्याला घासून गाडीचा डावा आरसा गेला. आरसा बाजूच्या खिडकीचा, आणि त्या खिडकीशी मामी बसलेल्या.

त्याच आठवड्यात अनंताने मला बाजूला घेतले. "भावजी, गाडीत कायपण खोट नाय. तुमी एकदा चालवून बगा." मी मामांना म्हटले, जरा मला हौस करू द्या. मी चालवायला बसलो, मामा डावीकडे. नाचणे गावाच्या सरळ रस्त्यावर मी स्टिअरिंगच्या चाकावरचे हात क्षणभर सैल सोडले. गाडी ओळंब्यासारखी सरळ गेली. मी शेजारी पाहिले. मामांचा डावा हात मांडीवर पडला होता आणि अंगठा आपला आपण हलत होता, जपमाळ ओढावी तसा. चहाची बशी हल्ली ते डाव्या हातात का घेत नाहीत, आमच्या फोटोला तो हात का लावत नाहीत, हे सगळे मला तिथे एकदम उमगले. ओढत होता तो त्यांचा हात. तो जड झाला होता आणि चाकाला आपल्याकडे खाली खेचत होता. मामांनी विचारले, "ओढते ना?" मी गाडी कडेला घेऊन थांबवली. मला फार वाईट वाटले, आणि ते मी लपवू शकलो असेन असे वाटत नाही, कारण त्यांनी पुन्हा विचारले नाही.

मी त्यांना डॉक्टरांकडे नेले; डॉक्टरांनी दुखण्याचे नाव सांगितले, गोळ्या दिल्या, हळूहळू वाढणारे आहे म्हणाले. गाडीबद्दल मुलीने फोनवरून रडून सांगितले, की बाबा, आता बास. एका सकाळी मामा मला बरोबर घेऊन गावी गेले आणि गुरवाला म्हणाले, "कौल लाव. मी गाडी चालवू की नको, विचार." आम्ही हात जोडून उभे राहिलो. देवळात गार होते आणि बाहेर कुणीतरी झावळ्या ओढत नेत होते. डावी पाकळी पडली. गुरवाने चटकन मामांकडे पाहिले. त्यालाही मागचे आठवत होते. "मामानू, वाईच वर लागली हुती काय? परत लावू?" मामांनी डोळा मिटला नाही, पुढे झाले नाहीत. "नको," म्हणाले. "बरोबर लागलेली."

घरी आल्यावर चावी त्यांनी माझ्यापुढे धरली. मी घेणारही होतो. पण मामी मधे आल्या. "जावई चालवणार आणि शेजारी बसणार कोण? तुम्ही की मी? दोनच खुर्च्या आणल्यात ना हौसेनं?" असे म्हणून चावी त्यांनी स्वतःच्या कमरेला खोचली आणि दुसऱ्या दिवशी, गुडघ्यांना पट्टे बांधून, त्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाऊन बसल्या. पुढचे काही आठवडे रत्नागिरी श्वास रोखून होती. परवाना अजून शिकाऊच आहे. मामी नऊवारीचा ओचा खोचून चालवतात, मामा डावीकडे बसून "गिअर, गिअर" म्हणतात, आणि मोठा गतिरोधक आला की मामी गाडी थांबवून म्हणतात, "उतरा हो जरा."

परवा मी स्कूटरवरून अनंताच्या दुकानावरून चाललो होतो, तर लाल गाडी फळ्यांवर चढलेली दिसली. थांबलो. मामी अनंताला सांगत होत्या, "डावीकडे ओढते रे. मलाही जाणवतं. यांचं काही चुकत नव्हतं." जन्मभर ज्यांनी नवऱ्याला तुमची मान वाकडी आहे म्हणून सुनावले, त्या मामी हे बोलत होत्या, आणि बोलताना त्यांनी माझ्याकडे अजिबात पाहिले नाही. अनंताने यंत्रे अडकवली. पडदा उजळला. अजून पाना लागायचा होता आणि सगळे आकडे हिरवे होते. मामा पडद्यासमोरच उभे होते, उजव्या हातात डावा हात धरून. जन्मभर इंजिनाचे काटे वाचलेला माणूस. त्यांनी आकडे पाहिले, मग मामींकडे पाहिले. मग म्हणाले, "बघ बाबा अनंता नीट. बाईसाहेब म्हणतायत, ओढते."

अनंता खाली गेला, कशावर तरी पाना वाजवला आणि वर आला. "झाला, मामानू. वाईच फरक हुता."

मामा गाडीत बसले, मी हात देऊन बसवले. मामींनी गाडी फळ्यांवरून हळू उतरवली आणि आरे-वारेच्या दिशेने वळवली. मी मागे उभा राहून बघत होतो. मागच्या काचेवर मामींनी घाईघाईत चिकटवलेला तांबडा 'एल' चांगला दोन बोटे वाकडा आहे. इतके दिवस झाले, मामांनी तो अजून सरळ केलेला नाही.