दादाचा सकाळी सातचा पॉडकास्ट

माझा दादा न्हावी. त्याची कात्री आणि गप्पा बरोबरीने चालायच्या. केस कापून झाले तरी गिऱ्हाईक खुर्चीतून उठायचं नाही. मागच्या वर्षी त्याला पक्षाघाताचा झटका आला. हात शाबूत राहिले, पण जीभ जड झाली. एकेक वाक्य ओढून काढावं लागे, आणि लोकांना कुठला धीर! तो "मा... मागून..." म्हणेपर्यंत गिऱ्हाईक म्हणे, "हो हो, बारीकच करा." यात सगळ्यात पुढे कोण? मी, त्याची धाकटी बहीण. शेजारीच माझं शिवणाचं दुकान, आणि तोंडाची मी पहिल्यापासून फटकळ. त्याचं प्रत्येक वाक्य मीच पुरं करून टाकायचे. शेवटी तो बोलेनासाच झाला.

बोलण्याचे व्यायाम घेणाऱ्या बाईंनी मला बाजूला घेऊन बजावलं, "रोज मोठ्याने बोलले नाहीत, तर आहे तेही जाईल." मी रोज त्याच्या मागे लागले.

पण दादा ऐकेल तर ना! मग एक दिवस त्याने कपाटातून जुनी वही काढली. तरुणपणी तो टपालाने एक भाषा शिकला होता. कुणीतरी बसून बनवलेली, कुठल्याच देशाची नसलेली. घरात आम्ही तिला भुतांची भाषा म्हणायचो.

"यात... पॉडकास्ट करतो," तो म्हणाला. "शिकणाऱ्यांसाठी. तिथे... सगळेच... अडखळतात."

"अरे, पण ऐकणार कोण?" मी फटकन बोलून गेले. तो वहीत बघत राहिला. मी जीभ चावली, पण बोलून बसले होते.

तरी त्याने सुरू केलं. सकाळी सातला, दुकान उघडण्याआधी, पंखा बंद करून मी त्याच्यासमोर मोबाईल धरायचे. तो कंगवा उचलायचा, त्या भाषेत कंगव्याचं नाव सांगायचा, त्याने काय करतात ते सांगायचा. मधेच थांबायचा. मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, त्यामुळे त्याचं वाक्य पुरं करायची सोयच नव्हती. दहा मिनिटं मी तोंड मिटून उभी! नवऱ्याला सांगितलं तर त्याचा विश्वास बसेना.

मला धास्ती एकच. एक जरी वाकडी कमेंट आली, तर हा पुन्हा तोंड उघडणार नाही.

सहाव्या भागावर कमेंट आली. त्याच भाषेत. दादाने चष्मा लावून वाचली, परत वाचली.

"काय लिहिलंय रे?"

"म्हणतात... आवाज... आवडला. पण..."

आला तो पण! 'नीट बोलायला शिका', दुसरं काय असणार? ओठांवर आलेलं मी गिळलं, खुर्चीची पाठ घट्ट धरली आणि थांबले.

"पण... थोडं..." दादाचे खांदे हलायला लागले. रडतोय की काय! "थोडं... अजून... हळू... बोलाल का?"

तो हसत होता. वर्षभरात पहिल्यांदा, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मीही हसले आणि हसता हसता रडायलाच लागले. केवढं हलकं वाटलं म्हणून सांगू!

"आणखी हळू? अरे देवा, मग दुकान कधी उघडायचं?"

तो सरसावून बसला, कात्री हातात घेतली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "पंखा..."

काय हवंय ते मला ठाऊक होतं. बटणावर हात ठेवून मी उभी राहिले.

"पंखा... बंद... कर, चिमणे."

मग मी केला.